कारवारच्या वाळूवर रवींद्रनाथ

बँकेच्या नोकरीत आमची बदली कारवारला झाली, तेव्हा घरात कोणी खूश नव्हते. मुलांची शाळा अर्ध्यावर, सामानाची बांधाबांध, आणि गावात ओळखीचे कोणी नाही. पण दोन-तीन महिने गेले आणि पाहुण्यांची रीघ सुरू झाली. बेळगावची भावंडे आली, इंदूरच्या आत्याबाई आल्या, मुंबईचे मेहुणे तर दोनदा आले. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आपल्या माणसाचे बिऱ्हाड आहे म्हटल्यावर कोण सोडतो? संध्याकाळी सगळ्यांना घेऊन आम्ही किनाऱ्यावर जात असू. तिथे नाव लिहिलेले होते, रवींद्रनाथ टागोर बीच. थोरामोठ्यांची नावे रस्त्यांना, बागांना देतात, तसेच हेही असेल असे आम्ही धरून चाललो होतो. रवींद्रनाथ खरोखरच इथे येऊन राहिले होते, आणि तेही आमच्या पाहुण्यांसारखेच, बदलीवर आलेल्या थोरल्या भावाच्या घरी सुट्टीला, हे आम्हाला फार उशिरा कळले. कळल्यावर मात्र जमेल तसे वाचत गेलो. आपल्या मंडळातल्या मुलांना रवींद्रनाथ म्हणजे राष्ट्रगीत आणि नोबेल एवढेच माहीत असते. त्यांच्या गाण्यांच्या सुरुवातीचा बराच भाग आपल्याच मुलखात घडला, तो सांगावा म्हणून हा लेख.

आधी त्या भावाबद्दल. सत्येंद्रनाथ ठाकूर हे रवींद्रनाथांपेक्षा एकोणीस वर्षांनी मोठे. विलायतेत जाऊन आयसीएस परीक्षा पास झालेले ते पहिले भारतीय. साल 1863. नेमणूक मिळाली ती मुंबई इलाख्यात. त्यानंतर सारी नोकरी त्यांनी इकडेच काढली. अहमदाबाद, विजापूर, कारवार, सोलापूर, सातारा, अशी बिऱ्हाडे पाठीवर. 1897 मध्ये निवृत्त झाले ते साताऱ्याहून, जिल्हा न्यायाधीश म्हणूनच. एवढ्या लायकीचा माणूस आणि बढतीची शिडी तिथेच थांबली. गोऱ्या साहेबाच्या राज्यात ते नवल नव्हते. पण या गृहस्थाने कुरकुर करत दिवस काढले नाहीत. मराठी शिकले, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, मुंबई इलाख्यावर ‘बोंबाई चित्र’ नावाचे पुस्तक लिहिले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी मुंबईत आल्यावर एका पारशी कुटुंबात राहिल्या आणि साडी नेसण्याची एक सुटसुटीत पद्धत बंगालमध्ये घेऊन गेल्या. ज्यांनी बदलीची नोकरी केली आहे, त्यांना हे वाचून या जोडप्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. जिथे जातील तिथले काही उचलत, काही देत ते राहिले.

रवींद्रनाथांचा जन्म 7 मे 1861 चा, कलकत्त्याच्या जोडासाँको भागातल्या मोठ्या वाड्यातला. भावंडांचा मोठा गोतावळा, वडील देवेंद्रनाथ बहुतेक प्रवासात, आई चौदाव्या वर्षी गेली. शाळेत मन रमले नाही. एक सोडून दुसरी, दुसरी सोडून तिसरी, शेवटी शाळाच सुटली. घरच्यांनी हात टेकले होते. तेव्हा सत्येंद्रनाथांनी सुचवले की, याला माझ्याबरोबर विलायतेला पाठवा, बॅरिस्टर होऊ दे. आणि विलायतेला जाण्याआधी थोडे इंग्रजी अंगवळणी पडावे म्हणून सतरा वर्षांच्या या मुलाला 1878 मध्ये अहमदाबादला आपल्याकडे बोलावून घेतले.

सत्येंद्रनाथ तेव्हा तिथे न्यायाधीश होते आणि राहायला मिळाला होता शाहीबागेचा महाल. शाहजहान गुजरातचा सुभेदार असताना त्याने बांधलेला. खाली साबरमतीचे पात्र, उन्हाळ्यात एका कडेने वाहणारे. वहिनी आणि मुले विलायतेत होती. भाऊ सकाळीच कचेरीला जायचे. एवढ्या मोठ्या महालात दिवसभर हा मुलगा आणि पारवे. दालनादालनांतून तो एकटाच हिंडे, भावाच्या कपाटातले टेनिसनचे चित्रांचे पुस्तक उघडून बसे, संस्कृत काव्यसंग्रहातले श्लोक अर्थ पुरता न कळता नादासाठी घोकत बसे. रात्री चांदणे पडले की नदीच्या बाजूच्या मोठ्या गच्चीवर फेऱ्या मारणे. त्या गच्चीवर त्याने पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांना स्वतःची चाल लावली. त्याआधी तो चाली घेत होता त्या दुसऱ्यांच्या. पुढच्या साठ वर्षांत त्यांनी दोन हजारांच्या आसपास गाणी केली. त्या सगळ्यांची सुरुवात साबरमतीच्या काठी, भावाच्या सरकारी बंगल्यात, रिकामपणात झाली. पुढे त्याच महालावरून त्यांना ‘क्षुधित पाषाण’ ही कथा सुचली. आज तिथे सरदार पटेलांचे स्मारक आहे. गुजरातेतली आपली मंडळी ते पाहायला जातात, तेव्हा गच्ची बघायला विसरू नये.

अहमदाबादेत एकटेपणा पुष्कळ झाला, पण इंग्रजी बोलणे काही होईना. म्हणून सत्येंद्रनाथांनी त्याला मुंबईला आपल्या मित्राच्या घरी ठेवले. हे मित्र म्हणजे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू. सुधारकी विचारांचे घर, मुलींना शिकवलेले. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, घरात अॅना म्हणत, विलायतेत राहून आलेली होती आणि वयाने रवींद्रनाथांपेक्षा थोडी मोठी. या बंगाली मुलाला इंग्रजी रीतभात शिकवायचे काम तिच्याकडे आले.

आता शिकवणारी हुशार, चटपटीत, आणि शिकणारा शाळा सोडलेला, लाजाळू. तिच्यासमोर मिरवावे असे विद्येचे भांडवल त्याच्याजवळ नव्हते. होते ते एकच, आपल्याला कविता करता येतात हे. ते भांडवल त्याने वापरले. तिने ते खरे मानले, तपासून पाहिले नाही. मला एखादे नाव दे, असे तिने म्हटले, आणि त्याने नाव दिले नलिनी. मग ते नाव एका कवितेत गुंफून भैरवीत बांधले आणि तिला म्हणून दाखवले. ऐकून ती म्हणाली की, मरणाच्या दारातूनसुद्धा या गाण्याने मी परत येईन. सतरा वर्षांच्या मुलाला याहून मोठे पदक काय हवे?

या दोघांवर अलीकडे बरेच रंगवून लिहिले जाते. आम्हाला ते आवडत नाही. मुक्काम होता साधारण दोन महिन्यांचा. रवींद्रनाथांनी पुढे दिलीपकुमार रॉय यांना सांगितलेली एक आठवण आहे. झोपलेल्या बाईचे हातमोजे जो चोरील, त्याला तिचे चुंबन घेण्याचा हक्क मिळतो, अशी विलायतेकडची समजूत तिने एकदा सांगितली आणि थोड्या वेळाने आरामखुर्चीत डोळे मिटले. जागी झाली तेव्हा हातमोजे होते तिथेच होते. एवढीच गोष्ट. त्यात जे नाही ते घालू नये. पण हेही खरे की, नलिनी हे नाव त्यांच्या सुरुवातीच्या लिखाणात पुनःपुन्हा येते. ‘कविकाहिनी’ या त्यांच्या पहिल्या छापील पुस्तकाची नायिका नलिनी आहे. 1884 मध्ये त्यांनी ‘नलिनी’ नावाचे छोटे नाटकही लिहिले.

20 सप्टेंबर 1878 रोजी दोघे भाऊ मुंबईहून विलायतेला निघाले. बोटीचे नाव योगायोगाने ‘पूना’. बॅरिस्टरी काही झाली नाही. दीड वर्षाने रवींद्रनाथ पदवीशिवाय, पण कानात विलायती गाणी भरून परत आले. वाड्यात त्यांची वाट पाहणारी दोन माणसे होती. एक भाऊ ज्योतिरिंद्रनाथ, बारा वर्षांनी मोठे, आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी कादंबरीदेवी.

ज्योतिरिंद्रनाथांविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. हा माणूस पियानोवर बसून नव्या नव्या चाली काढायचा आणि धाकटा भाऊ बाजूला बसून त्या चाली हवेत विरण्याआधी त्यांत शब्द बसवायचा. गीतकाराची ही शाळा. रवींद्रनाथांची शाळा सुटली असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. पुढे म्हातारपणी याच ज्योतिरिंद्रनाथांनी लोकमान्यांचे गीतारहस्य बंगालीत नेले. म्हणजे ठाकुरांच्या घरात मराठी वाचणारे दोघे भाऊ होते.

कादंबरीदेवी नऊ वर्षांची असताना लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा रवी सात वर्षांचा होता. बरोबरीचे खेळगडी. आई गेल्यावर त्याचे खाणेपिणे, रुसणेफुगणे वहिनीनेच पाहिले. गच्चीवर तिने बाग केली होती. संध्याकाळी तिथे चटई अंथरायची, ज्योतिरिंद्रनाथांनी व्हायोलिन वाजवायचे आणि रवीने गायचे. कविता दाखवली की ती कधी चांगली म्हणत नसे, बिहारीलाल चक्रवर्तींसारखे तुला जमणार नाही असे चिडवी. तो खट्टू होई आणि आणखी लिही. 1881 मध्ये तिघे चंद्रनगरला गंगेच्या काठी एका बंगल्यात जाऊन राहिले. नावेत बसायचे, पूरबीपासून सुरुवात करायची आणि बिहागापर्यंत पोहोचेतो चंद्र वर आलेला असायचा.

मग 1883. सत्येंद्रनाथांची बदली कारवारला झाली होती. आणि भावाच्या घरी सुट्टीला कलकत्त्याहून मंडळी निघाली. ज्योतिरिंद्रनाथ, कादंबरीदेवी आणि बावीस वर्षांचे रवींद्रनाथ. कारवार तेव्हा मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात. आपल्या पिढीला कारवार म्हटले की सीमाप्रश्नाच्या मोर्चातली घोषणा आठवते. रवींद्रनाथांना आठवली ती संस्कृत काव्यातली वेलदोड्याची आणि चंदनाची मलय भूमी. आठवणींच्या पुस्तकात त्यांनी त्या किनाऱ्याचे वर्णन केले आहे. अर्धचंद्राकार वाळू, दोन्ही बाजूंनी डोंगर, काठाने सुरूची बने, आणि एका टोकाला डोंगरांच्या खिंडीतून येऊन समुद्राला मिळणारी काळी नदी. बंदर असूनही बंदराची गडबड नाही, हे त्यांना विशेष भावले. आम्ही राहिलो तेव्हा नदीवर पूल होता, वर धरणे झाली होती, किनाऱ्याला लागून हमरस्ता होता. तरी पहाटे गेले तर डोंगर आणि वाळूचा बाक तोच दिसतो.

एका चांदण्या रात्री ही मंडळी लहान होडीतून काळी नदीत वर गेली. वाटेत शिवाजी महाराजांचा एक जुना डोंगरी किल्ला लागला, तिथे उतरली. असे त्यांनी लिहिले आहे, नाव मात्र दिलेले नाही. नदीच्या मुखावरचा सदाशिवगड सोंदेकर राजांनी अठराव्या शतकात बांधलेला, त्यामुळे लगेच तो किल्ला हाच असे सांगत सुटू नये. उतरून ते एका शेतकऱ्याच्या अंगणात गेले. झाडून स्वच्छ केलेले अंगण, कुंपणावरून आत आलेले चांदणे. बरोबर आणलेले जेवण तिथेच बसून जेवले. ज्याने कोकणातले सारवलेले अंगण पाहिले आहे, त्याला यापुढे काही सांगायला नको. त्या शेतकऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. रात्रीच्या वेळी अंगणात आलेल्या अनोळखी बंगाली मंडळींना त्याने बसू दिले, एवढी त्याची कामगिरी पुरे आहे.

परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली. मुखाशी पोहोचायला फार वेळ लागला, म्हणून समुद्रातून न जाता ते तिथेच उतरले आणि वाळूवरून चालत घरी आले. रात्र खूप झालेली, समुद्रावर लाट नाही, एरवी सतत सळसळणारी सुरूची झाडे स्तब्ध, त्यांच्या सावल्या वाळूच्या कडेला पडलेल्या. कोणी बोलत नव्हते. घरी आल्यावर बाकीचे झोपले, रवींद्रनाथांना झोप आली नाही. त्यांनी त्याच रात्री एक कविता लिहिली. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी प्रांजळपणे म्हटले आहे की, भावना ताजी असताना लिहिलेली कविता चांगली उतरतेच असे नाही. आम्हाला हा हिशेब आवडला. स्वतःच्या खात्याला तोटा दाखवायला फार थोडे लोक तयार असतात.

त्या मुक्कामात हातून झालेले मोठे काम म्हणजे ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे पद्यनाटक. एक संन्यासी सगळी नाती तोडून गुहेत बसला आहे, आपण सृष्टीला जिंकले असे त्याला वाटते. मग एक लहान मुलगी त्याच्यामागे येते. गावाने जातीवरून दूर लोटलेली, पोरकी. तिच्या मायेत आपण अडकतो आहोत हे कळताच तो तिला टाकून जातो. शेवटी सगळे वैराग्य फेकून परत येतो तेव्हा ती जिवंत नसते. रवींद्रनाथ पुढे म्हणत की, आपण जन्मभर जे लिहिले त्याचे बीज या छोट्या नाटकात आहे. मोठे, अनंत असे जे काही आहे, ते जवळच्या लहान माणसांतच भेटते. बावीस वर्षांचा, घरात लाडका, सुट्टीत सुखात असलेला तरुण हे असे नाटक लिहितो, याचे आम्हाला नवल वाटत आले आहे.

नाटकातली काही गाणी झाली ती परतीच्या आगबोटीवर. त्या काळी कारवारहून मुंबईला जायचे ते समुद्रानेच. डेकवर बसून रवींद्रनाथ गात गेले आणि लिहीत गेले. पहिले गाणे गवळ्याच्या पोरांचे. सकाळ झाली, तुमच्या कान्हाला आमच्याबरोबर रानात पाठवा, असे ती यशोदेला विनवतात. संन्याशाच्या नाटकात गवळ्याच्या पोरांचे गाणे! ते करताना आपल्याला किती आनंद झाला, हे त्यांनी आवर्जून नोंदवले आहे. याच सुमाराच्या त्यांच्या काही ब्राह्मसंगीतांच्या चाली कानडी गाण्यांवरून घेतलेल्या आहेत. दक्षिणेचे सूर बंगालीत नेण्याची सवय त्यांनी पुढेही सोडली नाही.

9 डिसेंबर 1883 ला रवींद्रनाथांचे लग्न झाले. मुलगी दहा वर्षांची, नाव भवतारिणी. सासरी तिचे नाव बदलून मृणालिनी ठेवले. मृणालिनी आणि नलिनी, दोन्ही कमळेच. यावर तर्क करणारे करतात, आम्ही करत नाही.

आणि एप्रिल 1884 मध्ये कादंबरीदेवींनी जीव दिला. वय चोवीस. का, याची उत्तरे अनेकांनी अनेक दिली. घरच्यांनी त्या वेळी शक्य तेवढे झाकले. कारवारच्या वाळूवरून ती मंडळी मुकाट चालत आली, त्यानंतर वर्षही उलटले नव्हते. रवींद्रनाथांनी लिहिले आहे की, आईच्या मरणाची झळ लहानपणी फारशी लागली नाही, मरणाची खरी ओळख या वेळी झाली. आजूबाजूची झाडे, माती, पाणी, चंद्र, सूर्य सगळे जागच्या जागी आहे आणि त्या सगळ्यांहून खरे असलेले एक माणूस तेवढे नाही, हे त्यांना समजेना. काही दिवस ते अंगावर नुसते धोतर-चादर घेऊन हिंडत, थंडीवाऱ्यात गच्चीवर झोपत. नाटकात मुलगी मरते आणि संन्यासी उशिरा परततो, ते त्यांनी आधी लिहून ठेवले होते.

मुंबईच्या अॅनाचेही फार वेगळे झाले नाही. तिचे लग्न बडोद्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या हॅरॉल्ड लिट्लडेल या गृहस्थांशी झाले. म्हणजे काही काळ ती आपल्या बडोदेकरांचीही झाली. 1891 मध्ये ती गेली. ती लिहायची तेव्हा आपल्या नावात नलिनी लावत असे.

पुढचे आयुष्य सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. सत्येंद्रनाथ सोलापूरला असताना रवींद्रनाथ तिथेही येऊन राहिले आणि 1889 मध्ये तिथे त्यांनी ‘राजा ओ रानी’ लिहिले. त्याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाईंचे व्याख्यान ऐकले, सभेत गोंधळ घालून बाईंना बोलू दिले नाही याची चीड येऊन त्यावर लेख लिहिला. 1901 मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली. 1902 मध्ये मृणालिनीदेवी गेल्या, मागोमाग एक मुलगी आणि एक मुलगा. 1913 मध्ये नोबेल. विश्वभारतीत पंडित भीमराव शास्त्री यांच्यासारखे मराठी गवई शिकवायला होते. गीतांजलीतली गाणी नागरी लिपीत स्वरलिपीसह छापण्याचे काम त्यांनी केले.

7 ऑगस्ट 1941 ला रवींद्रनाथ गेले. त्याच्या आदल्या वर्षी, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी मुलांसाठी बालपणाच्या आठवणींचे छोटे पुस्तक लिहिले, ‘छेलेबेला’. तोवर राजेरजवाडे भेटून झाले होते, जगभर हिंडून झाले होते. पुस्तकाच्या शेवटाकडे ते पुन्हा मुंबईच्या त्या घरी जातात. भैरवीतले गाणे सांगतात. आणि तिने दिलेला एक सल्लाही सांगतात. तू कधी दाढी वाढवू नकोस, तुझ्या चेहऱ्याची कड कशाने झाकू नकोस, असे ती म्हणाली होती. तो सल्ला आपण पाळला नाही हे सगळ्यांना दिसतेच आहे, असे त्यांनी लिहिले आहे. पण दाढी यायच्या आतच ती गेली होती, तिला ते पाहावे लागले नाही.